जसं बोलते तसं लिही

सोमवार, ९ जानेवारी १९७८

मीना म्हणते, आजी, दिवसभर छताशी बोलतेस, त्यापेक्षा मला सांग, मी लिहिते. तिच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत. मी म्हटलं, लिहून कोणाला दाखवू? मला तर माझं नावही वाचता येत नाही. म्हणे, देवाला दाखव. तुझं अक्षर देवाला लागेल का, विचारलं, तर रुसली.

बरं, लिही. आज दहावा दिवस. उजव्या मांडीचं हाड मोडलं. पायाला पट्टी, पट्टीला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाला कप्पीवरून खाली, आणि खाली तीन विटा टांगलेल्या. डॉ. म्हणाले, बारा आठवडे हलायचं नाही, कूसही बदलायची नाही. कारण विचारशील तर करंज्या. नाताळचा डबा गल्लीतल्या पोरांच्या हाती लागू नये म्हणून मीच वरच्या फळीवर ठेवला, आणि घरात कोणी नाही पाहून मीच स्टुलावर चढले. देवानं या पापाचा निकाल तिथल्या तिथं लावला, वरच्या कोर्टात नेलाच नाही.

मी 'मले' म्हणते, मीना 'मला' लिहिते. वहीत शुद्ध पाहिजे म्हणे. असू दे. वहीतली आजी तरी शाळेत गेलेली वाटेल.

गुरुवार, १२ जाने.

इतवारी बाजारातली गल्ली. तोंडाशी भांडेवाले. सकाळपासून ठोकाठोकी. आधी मी हिंडती-फिरती होते, आवाज मागं राहायचा. आता तो माझ्या डोक्यातच दुकान मांडून बसतो. हातगाडीवाले ओरडत जातात, "बाजू! बाजू!" मी कुठं बाजूला होऊ बाबा?

खिडकीतून दिसतं ते एवढं: समोरच्या घराची अर्धी भिंत, एक तार, तारेवर कोणाचा तरी टॉवेल. टॉवेल काढला की त्या दिवशी काही घडलं असं वाटतं.

मनोहर, माझा मुलगा, उजाडायच्या आत कळमेश्वरच्या कारखान्यात जातो, दिवे लागल्यावर येतो. सून सुधा शाळेत शिकवते. दिवसभर नात, म्हणजे ही मीनाच. आणि तिचं नर्सिंगचं ट्रेनिंग २३ तारखेला सुरू, राहायचं होस्टेलात. मग मला भांडं कोण देणार? हा प्रश्न घरात सगळ्यांना पडलाय आणि कोणीच…

रविवार, १५ जाने.

सगळी चर्चला गेली. पडल्या पडल्या एकटीच उपासना केली. गीत म्हटलं, सूर लागला नाही. पाठीवर झोपून गायचं म्हणजे विहिरीतून ओरडल्यासारखं. प्रभूची प्रार्थना म्हटली. त्यात माफीचं ते वाक्य येतं ना, आम्ही दुसऱ्याला सोडलं तसं तू आम्हाला सोड म्हणायचं, तिथं मला खोकला येतो. चर्चमध्ये नेहमीच येतो. मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. छातीचा त्रास, म्हणतात.

आज घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी आला.

मीना, हे खोडून टाक.

(नाही खोडलं. – मीना)

बुधवार, १८ जाने.

मनोहर मघाशी पलंगाशी येऊन बसला. नखं पाहत होता. म्हणाला, "आई, कन्हानहून आत्याले आणतो."

"कोणत्या आत्याले?"

"एकच आहे मले."

"तिले आणशील तर चौथी वीट बी आण. माह्या गळ्याले बांध."

"मग कोण करन तुह्यं? सुधानं नोकरी सोडावी काय?"

पायाला दोरी असली की माणसाला मत नसतं.

मीना विचारते, तू कन्हानच्या आजीशी का बोलत नाहीस? लग्नाकार्यात आम्ही दोघी दोन टोकांना बसतो, एवढंच तिला माहीत. लिहितेसच तर ऐक. एकदाच सांगीन.

एस्तर तुझ्या आजोबांची धाकटी बहीण. मिशनच्या शाळेत शिकली, तिथंच मास्तरीण झाली, लग्न केलं नाही. आम्ही एकाच घरात. सासूबाई अर्धांगवायूनं पडलेल्या. मनोहर बोर्डिंगात. तुझे आजोबा चांद्याकडं कोळशाच्या खाणीवर टाइमकीपर. महिन्याला त्यांचं कार्ड यायचं. एस्तर वाचायची, मी चुलीपुढं बसून ऐकायची. बावन्न साली पावसाळा संपल्यावर कार्ड आलं. तिनं वाचलं: मी बरा आहे, नाताळला येतो, काळजी नसावी. मी त्या दिवशी शिरा केला. नवव्या दिवशी तार आली, ते गेल्याची.

पुढच्या उन्हाळ्यात मनोहर सुट्टीत आला. तोवर सासूबाईही गेल्या होत्या. एस्तरच्या पुस्तकात त्याला ते कार्ड सापडलं. बापाचं अक्षर म्हणून पोरगं मोठ्यानं वाचायला लागलं. ताप उतरत नाही. सगुणेला पाठव. सगुणा म्हणजे मी. तिथंच तो थांबला. पुढचं मलाही ऐकायचं नव्हतं. कार्ड त्याच्या हातातून घेतलं, एस्तरची ट्रंक उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली.

बस. पंचवीस वर्षं झाली. मीना रडते आहे. पान ओलं होईल, सांभाळ.

सोमवार, २३ जाने.

ती आली. केस सगळे पांढरे. ट्रंक तीच. दारात उभी राहिली. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, वरून घोरलेसुद्धा. ती सुधाला म्हणाली, "वहिनी झोपेत घोरत नाही." मीनाला हसू आलं. मला आलं नाही.

मीना तासाभरात निघेल. म्हटलं, वही माझ्या उशाशी ठेवून जा. वाचता येत नाही, तरी असू दे.

रविवार, २९ जाने. (मीना दोन तासांसाठी आली आहे.)

आठवडा असा गेला. आम्ही एकमेकींशी बोलत नाही, वस्तूंशी बोलतो. ती तांब्याला विचारते, "कोणाले पाणी पाह्यजे काय?" मी भिंतीला सांगते, "कोणाले तरी पाह्यजे." बेडपॅन आणते, ठेवते, खिडकीकडं तोंड करून उभी राहते. नाव एस्तर, बायबलातल्या राणीचं. आणि काम हे.

हात मात्र हलका आहे. सुधा माझी पाठ पुसते ती फरशी पुसल्यासारखी. ही पुसते तेव्हा… जाऊ दे. हे नको लिहू.

वाईट एवढंच की राग धरायलासुद्धा उठून बसता येत नाही. झोपून राग धरणं फार अवघड. घास भरवणाऱ्या हाताकडं रागानं पाहावं तर घास घशात अडकतो, आणि मग पाणी त्याच हातून प्यावं लागतं.

बुधवार, १५ फेब्रु.

आज मीच बोलली. पंचवीस वर्षांतला पयला शब्द. मीना दोन रविवार आली नाही, परीक्षा आहे तिची. पोटात बोलणं साचून पोट फुगलं. मनोहरले लिहाले सांगतलं तर पेन हातात धरून झोपी गेला बिचारा. एस्तर कोपऱ्यात तांदूळ निवडून राहिली होती. म्या म्हटलं, "लिहिता येते काय अजून?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मास्तरीण होती मी, वहिनी."

"वाचता बी येत होतं तुले."

ती सूप उचलाले लागली.

म्या म्हटलं, "वही घे. जसं बोलते तसं लिही. एक अक्षर इकडचं तिकडं नोको. मले वाचता येत नाही, पण मीनाले येते. ती येईल अन् वाचून दाखवेल. समजलं?"

"समजलं."

"तर लिही. एस्तर खोटारडी आहे. लिहिलं?"

"लिहिलं."

"एस्तर म्हणजे वाळलेलं तोंडलं. पोट्ट्यांले छड्या मारून मारून तिचे हात लाकडाचे झाले. लिही. एस्तरनं माह्या नवऱ्याले एकटं मरू देल्लं. चांद्याच्या दवाखान्यात त्यांच्या तोंडात पाणी घालाले घरचं कोणी नोतं, अन् इथं मी शिरा खाऊन राहिली होती. चांगला झाला होता शिरा. लिहिलं?"

पेन थांबलं. तिनं पदरानं नाक पुसलं.

"हे बी लिही. नाक पुसलं म्हणून."

लिहून राहिली. खरंच लिहून राहिली का नुसत्या रेघा ओढून राहिली, मले काय कळते. मले काळे किडे दिसतात, रांगेनं चाललेले.

रविवार, १९ फेब्रु. (मीना)

मीनाला म्हटलं, मागची पानं वाच. एस्तरला मुद्दाम समोर बसवून ठेवलं. मीना वाचायला लागली आणि 'वाळलेलं तोंडलं' इथं थांबली. "आजी, हे कसं वाचू?" वाच म्हटलं. सगळं होतं. खोटारडी होतं, लाकडाचे हात होते, चांद्याचा दवाखाना होता, शिरा होता, नाक पुसलेलं होतं. काळे किडेसुद्धा होते. एक शब्द गाळला नाही, एक जास्तीचा घातला नाही.

मला वाटलं होतं, आज पकडीन तिला. पकडून काय करणार होते देव जाणे, दोरी तर माझ्याच पायाला. आता ती सापडली नाही म्हणून चिडावं, तर तेही जमेना. उलट मीच चोरासारखी पडून राहिले.

एस्तर एवढंच म्हणाली, "'खोटारडी'तला टा पुसट उमटला होता. मी गिरवला." मास्तरीण कधी मरत नाही.

मंगळवार, २८ फेब्रु.

पाठीले जखम झाली. डॉ. म्हणे, अजून चार आठवडे. सकाळी देवावर ओरडली मी. म्या म्हटलं, देवा, योनाले माशाच्या पोटात तीन दिवस ठेवलं तर त्याची एवढी मोठी गोष्ट झाली. मले साठ दिवस होत आले, कोणाले पत्ता नाही. अन् माशाच्या पोटात भांडेवाले तरी नोते.

एस्तर दुपारी पवित्र शास्त्र वाचते, मनातल्या मनात. म्या म्हटलं, मोठ्यानं वाच, भिंतीले बी ऐकू दे. मले ऐकून ऐकून पुष्कळ पाठ आहे. तिनं ओळ गाळली का मी पकडते. आज तिनं मुद्दाम एक गाळली, मी जागी आहे का पाहाले. पकडली. दोघी एकदम हसलो. मग लाज वाटली, दोघींले बी, अन् ती उठून तांदूळ निवडाले बसली. सकाळीच निवडलेले.

एक सांगू? पाठ होतं म्हणून इतकी वर्षं ऐकलंच नोतं. चर्चमध्ये बसून बी चुलीवरच्या दुधाची काळजी. आता जाता येत नाही कोठी, तर ऐका लागते. मेंढपाळाचं ते स्तोत्र. त्यात मेंढरू आपल्या मनानं बसत नाही, मेंढपाळ त्याले हिरव्या गवतात बसवते. मी आजवर हिरव्या गवताकडंच पाहत होती. आता समजलं, कधी कधी तो पाय धरून बी बसवते.

पण देवा, समजलं म्हटलं ना. आता सोड.

मंगळवार, ७ मार्च

आज विचारलं. ती जखम पुसून राहिली होती, माह्यं तोंड भिंतीकडं, म्हणून विचारता आलं.

"काहून वं, एस्तर? काहून असं वाचलं?"

कोणतं, कवाचं, काही नाही विचारलं तिनं.

"भेव वाटलं."

"कायचं?"

"तू गेली असती तर आईचं सगळं माह्यावर आलं असतं. हगणं-मुतणं. मले किळस येत होती, वहिनी. सख्ख्या आईची. शाळेत सगळे म्हणत, एस्तरबाई कशी मायाळू. म्या म्हटलं, दोन दिवस जाऊ दे, मग सांगू. दोन दिवसांनी वाटलं, आता सांगतलं तर वहिनी विचारन, दोन दिवस काहून लपवलं? मग चार झाले. मग तार आली."

ती भांडं घेऊन मोरीत गेली. लई वेळ धूत राहिली, एकच भांडं.

हे तीच लिहून राहिली आहे. म्या विचारलं, हे लिहाले तुले कसं वाटते? म्हणे, "तू सांग, मी लिहिते. माह्यं विचारू नोको."

शनिवार, ११ मार्च

चार दिवस बोलली नाही मी. जाणार कोठी, बोलणार नाही तर काय, भाताचा घास तिच्याच हातून. खोली दिवसेंदिवस लहान होऊन राहिली आहे. टॉवेल बी तोच, पिवळा.

पडल्या पडल्या नको ते आठवते. अठरा वर्षांची होती मी, बाप्तिस्मा घ्याले निघाली, नवऱ्यासंगं. माह्यं माहेर कळमेश्वराकडलं, शेतीवाडीचं, देवादिकांचं. माय दारात उभी. "कोठी चालली वं?" म्या म्हटलं, बाजारात. पुढं तिले लोकांकडून समजलं. अंगावर नवं लुगडं, तोंडात प्रभूचं नाव, अन् पायरी उतरता उतरता खोटं. भेव वाटलं होतं मले बी. मायनं माफ केलं का नाही, विचाराचं राहून गेलं. ती गेली तेव्हा…

असो. एस्तर, चहा टाक. साखर जास्त.

रविवार, १९ मार्च

झावळ्यांचा रविवार. ईस्टरच्या प्रभुभोजनाआधी आमच्या मंडळीचे वडील घरोघर येतात. वडील म्हणजे मंडळीचे पंच. आमच्याकडं दाऊद मास्तर. ते एकच विचारतात, कोणाशी वैर नाही ना? नाही म्हटलं का वहीत खूण करतात, चहा पितात, जातात. वैर असलं तर ते मिटेपर्यंत प्रभूची भाकर घेता येत नाही. जो अंथरुणाले खिळला त्याले चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन भाकर देतात. पंचवीस वर्षं मी "नाही जी" म्हणत आली. मनात म्हणायची, वैर जित्या माणसाशी असते, ती तर माह्यासाठी मेली. झालं समाधान.

आज आले. झावळी उशाशी ठेवली. पेन्सिल जिभेले लावली. "सगुणाबाई, कोणाशी वैर नाही ना?" एक हात कपाकडं गेलाच होता.

"आहे जी."

"काय आहे?"

"वैर."

कप तसाच. "बाई, तुमच्या जखमेनं ताप-बीप तर…"

"जखम पाठीले आहे जी, डोक्याले नाही. एका बाईशी वैर आहे. पंचवीस वर्षांपासून. अन् दर साली मी तुमच्याकडून खोटी खूण करवून घेतली."

त्यांनी वही पुढं पाहिली, मागं पाहिली. असल्या उत्तराची खूणच नोती तिच्यात. मग एस्तरकडं वळले. ती चुलीपाशी उभी होती. "अन् तुम्ही, एस्तरबाई?"

"मी बी भाकर न घेता थांबते," ती म्हणे.

चहा न पिता गेले. हे बी पयल्यांदाच.

ते गेल्यावर मले सुचलं. तिनं एक कार्ड चुकीचं वाचलं. म्या तर दर ईस्टरले देवाले वाचून दाखवलं, मी बरी आहे, काळजी नसावी. फरक एवढाच का देवाले वाचता येत होतं.

शुक्रवार, २४ मार्च

उत्तम शुक्रवार. सगळे तीन तासांच्या उपासनेले गेले. अन् बाहेर होळी. पोट्टे लाकडं रचून राहिले, डफडं वाजून राहिलं. आमचा प्रभू क्रुसावर अन् गल्लीत बोंबा. पण खरं सांगू, त्या दिवशी तिथं बी असाच गोंगाट असेल.

म्या म्हटलं, "एस्तर, माह्या ट्रंकेत तळाले पांढरं लुगडं आहे. त्याच्या घडीत पाह्य."

तिनं काढलं. कार्ड. हातात धरून खाली बसली.

"वाच."

"तुले माहीत आहे, वहिनी, त्यात काय आहे."

"मले मनोहरनं अर्धं वाचलेलं माहीत आहे. पंचवीस वर्षं झाली, माह्यं कार्ड अजून वाचून झालं नाही. वाच."

तिनं चष्मा पुसला. वाचलं. ताप उतरत नाही. इथलं पाणी बाधलं. सगुणेला पाठव. तिच्या हातची पेज मिळाली तर बरं वाटेल. येताना घोंगडी आणावी. अन् मग कार्ड आडवं केलं अन् वाचलं: सगुणा घाबरेल, तिला बेताने सांग.

"हे काय? हे शेवटचं?"

"लिहिलं आहे कडेले. बारीक."

"मनोहरनं नाही वाचलं."

"तो तिथवर पोचलाच नोता." मग म्हणे, "यावरच मी सवताले फसवलं. दादा म्हणते ना बेतानं, तर बेतानं सांगू. असं."

म्या कार्ड हातात घेतलं. कडेले किडे आहेत खरे, आडवे चाललेले. काय लिहिलं आहे, मले काय कळते. बोलणं त्यांचंच वाटते. मले घाबरट म्हणत ते. पण मले ते घाबरट म्हणत, हे एस्तरले बी माहीत होतं. तिनं मनचं जोडून वाचलं का काय?

उशीखाली ठेवलं. मीना परवा येईल. ती वाचेल.

हे सगळं एस्तरनंच लिहिलं, मान खाली घालून.

रविवार, २६ मार्च

ईस्टर. मीना आली नाही, वॉर्डात ड्युटी लागली. मनोहर-सुधा नवे कपडे घालून चर्चले. आम्ही दोघी घरी, दोघी बिनभाकरीच्या. बाप्तिस्मा झाल्यापासून असा ईस्टर पाहिला नाही.

एस्तरनं कबरेची गोष्ट वाचली. बायका सकाळीच निघाल्या, अन् वाटेनं एकच काळजी, तोंडावरचा धोंडा कोण सरकवेल. पोचल्या तर सरकलेला. मग पळाल्या, अन् भेवापायी कोणाले काही बोलल्या नाही.

इथं एस्तर थांबली.

म्या म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही."

"त्यांले बी भेव वाटलं होतं," म्या म्हटलं. "गप्प बसल्या त्या बी."

"हाव."

"तरी बातमी पोचलीच ना वं. आपल्या इतवारीपर्यंत पोचली. वाच पुढं."

तिले वाचता येईना. मग पुढचं मीच म्हटलं, पाठ होतं तेवढं.

गुरुवार, ३० मार्च

डॉ. नी विटा सोडल्या. बसवलं. भिंत आपली सरळ उभी, मीच गरगरली. पाय पाहिला, माह्या पायाच्या जागी कोण्या कोंबडीचा लावला वाटते. एक पाऊल बी टाकता येत नाही. अजून महिना अंथरूण. म्या म्हटलं, दुखते भल्लं. डॉ. म्हणाले, दुखतं म्हणजे जुळून राहिलं.

पाळकसाहेबांचा निरोप: रविवारी चारले येतो, भाकर घेऊन येतो, पुन्हा एकदा विचारतो. घाई नाही.

घाई नाही म्हणे. त्रेसष्ट वर्षांच्या बाईले.

रविवार, २ एप्रिल

सकाळी मीना आली. दोन तास होती. पायाले तेल लावलं, वॉर्डातल्या गमती सांगतल्या, एका म्हाताऱ्यानं तिले लग्नाचं विचारलं म्हणे. मग चादर बदलाले लागली. उशी उचलली तर कार्ड खाली पडलं.

"आजी, हे काय? आजोबांचं कार्ड?"

उचललं. डोळ्यांपुढं धरलं. मग आडवं केलं. ओठ हलाले लागले तिचे. चुलीपाशी एस्तर भात वाढून राहिली होती. पळी हातात तशीच राहिली.

म्या म्हटलं, "दे इकडं. वाचून झालं आहे ते."

मीनानं देल्लं.

आता एस्तर लिहिता लिहिता थांबली आहे. लिही वं. हाव, तेच म्हटलं म्या. वाचून झालं आहे, असंच लिही. एक अक्षर इकडचं तिकडं नोको.

चार वाजत आले. पाळकसाहेब विचारतील. काय सांगीन, मले अजून माहीत नाही. वैर गेलं असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. सकाळीच त्या घोंगडीची आठवण आली अन् पुन्हा पेटलं. थंडीत होते ते तिथं. पण खोटी खूण आता करवून घेणार नाही, हे पक्कं. अन् ही बाई उद्या कन्हानले परत जाते म्हणाली तर…

एस्तर विचारते, "काय सांगशील वं, वहिनी?"

तुले काय कराचं आहे? तू लिहिणारी.

दार वाजलं. ही अजून लिहूनच राहिली आहे. अवं, पुरे झालं. ठेव ते पेन, दार उघड.